ड्राफ्टआधी कॉलेज फुटबॉलपटू जोखायचा कसा?

प्रश्न असा आला आहे : "शिकायला अमेरिकेत आलो आणि कॉलेज फुटबॉलचं वेड लागलं. एप्रिलच्या एनएफएल ड्राफ्टआधी खेळाडूंची स्वतःची क्रमवारी लावायची आहे. हंगामातली कामगिरी आणि कम्बाइनमधली मोजमापं एकत्र करून तक्ता केला, पण तो जाणकारांच्या याद्यांशी जुळत नाही. ही मंडळी नेमकं काय बघतात?"

नवख्या वाचकांसाठी आधी दोन शब्द : हे अमेरिकन फुटबॉल. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग, ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड, आणि कम्बाइन म्हणजे त्याआधी होणारी त्यांची सामूहिक चाचणी. तुमच्या तक्त्यातले आकडे बरोबरच असतील. क्रम मात्र उलटा आहे. आमच्या कामाची सुरुवात फिल्मने, म्हणजे सामन्यांच्या चित्रीकरणाने, होते. आकडे त्यानंतर येतात आणि त्यांचं मुख्य काम आपल्याला परत फिल्मकडे पाठवणं हे असतं. मी बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांची फिल्म बघून अहवाल लिहितोय. प्रत्येक खेळाडूच्या पानावर सर्वांत वर मी एकच प्रश्न लिहितो : हा मुलगा समोरच्याला कशाच्या जोरावर हरवतो, आणि ती गोष्ट रविवारी चालेल का? कॉलेजचे सामने शनिवारी होतात, एनएफएलचे बहुतेक रविवारी. शनिवारी समोर उभ्या असलेल्या बहुतेक मुलांना व्यावसायिक संघात कधीच जागा मिळणार नसते. रविवारी समोर जो उभा राहतो, तो बहुधा आपापल्या कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू राहिलेला असतो.

चाळणी किती बारीक आहे ते आधी लक्षात घ्या. सर्वोच्च विभागात १३० हून जास्त कॉलेजं खेळतात, प्रत्येकाकडे शंभराच्या आसपास खेळाडू. शाळा संपून ३ वर्षं झाली की मुलगा ड्राफ्टला पात्र होतो. ७ फेऱ्या, ३२ संघ, आणि सगळ्या मिळून निवडी अडीचशेच्या थोड्या वर. त्यामुळे शेवटच्या फेरीत निवडला गेलेला मुलगासुद्धा असामान्य असतो. अहवाल लिहिताना ही जाणीव सुटू देऊ नये. "सुमार" हा शब्द मी माझ्या अहवालांतून काढून टाकलाय.

हंगामाच्या आकड्यांचं आधी बोलू, कारण तुमचा तक्ता तिथेच फसलाय. खेळाडूने केलं किती आणि त्याला आयतं मिळालं किती, हे आकडा सांगत नाही. एखाद्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, नावावर ९० झेल दिसतात. फिल्म लावली की कळतं, त्यातले निम्मे चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या मागे, स्क्रीन या छोट्या पासवर, समोर कोणी नसताना घेतलेले आहेत. एखाद्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास टाकणाऱ्याचे, ७० टक्के पास पूर्ण दिसतात. त्यातले बरेचसे असे असतात की स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू करण्याच्या, आधीच चेंडू कुठे जाणार हे प्रशिक्षकाने ठरवून दिलेलं असतं. मुलाने ते काम नीट केलं हे खरंच, पण रविवारी जे करावं लागेल त्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

नियमही वेगळे आहेत आणि त्यांचा परिणाम फिल्मवर स्पष्ट दिसतो. चाल सुरू करताना चेंडू ज्या दोन खुणांच्या दरम्यान ठेवतात ते हॅश मार्क. कॉलेजच्या मैदानावर त्या दोन हॅश मार्कांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका कडेच्या हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळं मैदान उरतं. तिथला बचाव ताणला जातो आणि वेगवान रिसीव्हरला आयती जागा मिळते. ही जागा रविवारी नसते. उलट, त्याच दूरच्या हॅशवरून पलीकडच्या कडेला मारलेला पास कॉलेजमध्ये जास्त लांबचा असतो, त्यामुळे हाताची ताकद जोखायला मी तोच पास शोधतो. कॉलेजमध्ये पास टाकायच्या आधी लाइनमनला, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या फळीतल्या खेळाडूला, ३ यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये १ यार्ड. धाव आणि पास दोन्हींचा पर्याय खुला ठेवणाऱ्या चाली कॉलेजमध्ये इतक्या सोप्या का वाटतात, त्याचं मोठं कारण हे आहे. झेल घेताना कॉलेजमध्ये एक पाय आत असला की पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. कडेला झेल घेणारा रिसीव्हर दुसरा पाय सवयीने आत ओढतो का, हे मी मुद्दाम नोंदवतो. नियमाने गरज नसताना जो ते करतो, त्याने पुढची तयारी आधीच सुरू केलेली असते.

आता फिल्म. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणारी मंडळी, जी फिल्म बघतात तीत मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसतात, एकदा कडेवरून आणि एकदा गोलच्या मागून. कॉलेज सामन्यांची अशी फिल्म सर्वसामान्य प्रेक्षकाला सहज मिळत नाही, त्यामुळे तुम्हाला टीव्हीच्या चित्रीकरणावरच भागवावं लागेल. भागतं, पण मर्यादा माहीत असावी. सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, आणि दूरचे रिसीव्हर स्नॅपनंतर चौकटीबाहेर जातात. त्यांच्याबद्दल ठाम मत देऊ नका.

सामने कोणते निवडायचे? निवडक क्षणांच्या चित्रफिती पूर्ण बाजूला ठेवा. त्यात प्रत्येक जण महान दिसतो. मी आधी त्या मुलाचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना घेतो, मग त्याचा सर्वांत वाईट सामना, मग हंगामाच्या मध्यातला एखादा साधा, कोणाच्या लक्षात न राहिलेला सामना. पहिल्यातून कमाल कळते, दुसऱ्यातून अडचणीत तो काय करतो ते कळतं, तिसऱ्यातून सवयी कळतात. क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडचं उदाहरण घ्या. ओहायो स्टेटमध्ये त्याच्याभोवती अव्वल रिसीव्हर होते, लाइन भक्कम होती, आणि पॉकेट, म्हणजे लाइनने त्याच्याभोवती केलेलं कडं, कोसळल्यावर स्वतः काही घडवायला तो तयार नसतो अशी शंका रास्त होती. मग ३१ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियाविरुद्ध पीच बोल हा बाद फेरीचा सामना झाला. देशातला एक अव्वल बचाव समोर, आणि स्ट्राउडने पळत, वाट काढत, दबावाखाली ३४८ यार्ड आणि ४ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास केले. संघ ४२-४१ असा हरला. पुढे ड्राफ्टच्या तोंडावर एका बौद्धिक चाचणीतले त्याचे गुण कमी असल्याची बातमी बाहेर फुटली आणि चर्चेचा सगळा रोख तिकडे वळला. ज्याने तो सामना नीट बघितला होता त्याच्यापाशी जास्त वजनदार पुरावा होता. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) अशी कामगिरी केली.

प्रत्यक्ष बघायचं कसं, ते एका जागेच्या उदाहरणाने सांगतो. एज रशर घेऊ, म्हणजे कडेने येऊन क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा. त्याच्या तक्त्यात सॅकचा, म्हणजे पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडण्याचा, आकडा सर्वांत ठळक असतो आणि सर्वांत फसवाही. मी प्रत्येक सॅक वेगळा काढून बघतो. समोर कोण होता? पहिल्या फळीचा टॅकल, म्हणजे लाइनच्या टोकाचा रक्षक, की दुखापतीमुळे आलेला राखीव, की टॅकलशेजारी उभा राहणारा टाइट एंड? समोरच्या लाइनच्या घोटाळ्यात त्याला कोणी अडवलंच नव्हतं का? त्याच्याच संघाच्या मागच्या खेळाडूंनी सगळे रिसीव्हर झाकले म्हणून क्वार्टरबॅक ४ सेकंद चेंडू धरून उभा राहिला आणि हा पोचला, असं तर नाही? हे वजा केल्यावर एखाद्याच्या १२ सॅकपैकी ४ उरतात, आणि दुसऱ्याच्या ५ पैकी ५ उरतात.

मग सॅक सोडून बाकीचे प्रयत्न बघायचे. थर्ड डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, अजून ८ यार्ड लागणार आहेत, पास येणार हे सगळ्यांना माहीत आहे. फिल्म स्नॅपच्या क्षणाला थांबवा आणि एकेक पाऊल पुढे न्या. चेंडू हलताक्षणी तो हलतो का, की शेजारचा हलल्यावर? पहिली दोन पावलं पुढची जमीन खातात की जागच्या जागी पडतात? तिसऱ्या पावलाला टॅकलचे हात येतात. त्या वेळी याचे हात कुठे आहेत? खाली लोंबत असतील तर झुंज तिथेच संपली. पुढे, त्याच्या जवळच्या कमरेकडे बघा. ती टॅकलच्या कमरेच्या पलीकडे गेली आणि पाय क्वार्टरबॅकच्या दिशेने वळले, तर तो जिंकला, मग सॅक मिळो न मिळो. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोराचा दंड बघत नाही, पट काढताना पाऊल कुठे पडतं ते बघतो. लाइनवरची लढाई बघायची नजर नेमकी तीच. आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिला डाव अडला की दुसरा आहे का? कॉलेजमध्ये केवळ वेगाने कडा गाठणारे शेकड्याने असतात. रविवारचा टॅकल दुसऱ्या वेळेपासूनच त्या वेगाचा अंदाज घेऊन मागे सरकतो. तेव्हा आत वळायची किंवा सरळ छातीवर धडक द्यायची तयारी नसेल तर तो मुलगा अडकला.

एका सामन्यात असे उघड पासचे प्रसंग जेमतेम वीस-पंचवीस येतात. प्रत्येकाची एक ओळ लिहा, समोरच्या टॅकलच्या नावासकट. चौथ्या क्वार्टरमधल्या लांबलेल्या ड्राइव्हला, म्हणजे सलग चालींच्या मालिकेला, खूण करा, कारण दमल्यावर माणसाचं तंत्र आधी सुटतं.

ह्या जागेचे दोन टोकांचे दाखले या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतात. ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जने २००२ च्या हंगामात २४ सॅक केले, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम. ड्राफ्टआधी त्याची धाव अपेक्षेपेक्षा हळू निघाली आणि तो घसरला. बाल्टिमोरने २००३ मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं. त्याने कारकिर्दीत १३९ सॅक केले. त्याचे हात, त्याची वेळ साधण्याची जाण आणि टॅकलला वाचण्याची नजर फिल्मवर उघड होती. उलट ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनचं शरीर आणि कम्बाइनमधली कामगिरी दृष्ट लागावी अशी होती. २००८ मध्ये जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही सॅक नाही.

ह्यावरून कम्बाइन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नका. इंडियानापोलिसला फेब्रुवारीअखेर तीनशेहून जास्त मुलं जमतात, आणि संघांसाठी तिथली खरी किंमत डॉक्टरी तपासणीची आणि मुलाखतींची असते. मैदानावरच्या चाचण्यांतही अर्थ असतो, फक्त प्रत्येक जागेसाठी वेगळा. एज रशरच्या ४० यार्डांपेक्षा मला त्यातले पहिले १० यार्ड आणि शंकूंभोवती वळायची थ्री-कोन चाचणी जास्त सांगते, कारण क्वार्टरबॅकपर्यंतचं अंतर तेवढंच आणि वाट वळणाची. लाइनमनची ४० यार्डांची वेळ तर मी जवळजवळ सोडूनच देतो. ओक्लाहोमाचा ऑर्लँडो ब्राउन ज्युनिअर २०१८ मध्ये ५.८५ सेकंदांत धावला, वजन उचलण्याच्या चाचणीत फक्त १४ वेळा उचललं, आणि पहिल्या फेरीतून तिसऱ्या फेरीत, ८३ व्या क्रमांकापर्यंत गेला. पण तो ६ फूट ८ इंचांचा, लांब हातांचा टॅकल होता. त्याला वळसा घालून जाणं कॉलेजात कोणाला फारसं जमलं नव्हतं. पुढे तो अनेकदा प्रो बोलमध्ये, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या मेळ्यात, गेला आणि कॅन्सस सिटीत क्वार्टरबॅक पॅट्रिक मॅहोम्सची डावी बाजू राखत सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. त्याची फिल्म आणि त्याची मोजमापं यांत जे भांडण होतं, ते धावण्याच्या चाचणीने सुटणारं नव्हतंच, कारण तो कधी मोकळा धावतच नाही.

वेगाचंही तसंच. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या खालच्या विभागातल्या कॉलेजचा कूपर कप ४.६२ धावला आणि ६९ व्या क्रमांकावर गेला. २०२१ च्या हंगामात त्याने १४५ झेल आणि १,९४७ यार्ड केले. कपची फिल्म बघितली तर धावण्याचा वेग कुठे आणि कसा कमी-जास्त करायचा, बचावपटूचं वजन चुकीच्या पायावर कसं टाकायचं, हे तो प्रत्येक रूटवर (धावण्याच्या ठरलेल्या वाटेवर) करत होता. समोरची मुलं कमकुवत होती हा आक्षेप बरोबर. पण पाय टाकण्याची अचूकता समोर कोण आहे यावर अवलंबून नसते. खालच्या विभागातला मुलगा जोखताना हाच फरक करायचा : त्याचा विजय समोरच्याच्या कमजोरीतून आला, की स्वतःच्या अशा कसबातून जे तो सोबत घेऊन जाईल?

मोजमाप आणि फिल्म यांचं पटेनासं झालं की आधी मोजमाप पुन्हा तपासावं. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या गोटात एक गोष्ट सांगितली जाते. १९७४ च्या ड्राफ्टआधी त्यांचे स्काउट बिल नन इतर संघांच्या स्काउटांबरोबर अलाबामा ए अँड एमला गेले. तिथल्या जॉन स्टॉलवर्थ या रिसीव्हरची धाव ओल्या मैदानावर मोजली गेली आणि वेळ काही खास निघाली नाही. बाकीचे पुढच्या कॉलेजला निघून गेले. नन तब्येतीचं कारण सांगून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याला पुन्हा पळवलं. स्टीलर्सनी चौथ्या फेरीत स्टॉलवर्थला घेतलं. त्या एका ड्राफ्टमध्ये त्यांनी लिन स्वान, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर असे चौघे निवडले, आणि चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. नन मूळचे पत्रकार. पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात काम करताना त्यांनी देशभरच्या कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या प्रशिक्षकांशी नाती जोडली होती. दुसरे संघ त्या कॉलेजांत फारसे फिरकत नव्हते त्या काळात ते तिथे घरच्यासारखे वावरत. २०२१ मध्ये त्यांनाही हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. माझ्या लेखी या कामातला सर्वांत मोठा माणूस तोच.

क्वार्टरबॅकबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नसलं तरी सगळ्यांची क्रमवारी तिथेच कोसळते, म्हणून थोडं सविस्तर. मी आधी त्याचे सगळे स्क्रीन आणि ठरवून दिलेले सोपे पास बाजूला काढतो. उरलेल्यांत तीन गोष्टी शोधतो. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू हातातून सुटतो का? कॉलेजमध्ये रिसीव्हर मोकळा झालेला बघून मग फेकलं तरी चालतं. रविवारी तोवर दार बंद होतं. दुसरं, दबाव आल्यावर त्याची नजर खाली, अंगावर येणाऱ्यांकडे जाते की मैदानावर टिकते? पाय बघा, उत्तर पायांत असतं. दबाव नसतानाही जो मागे सरकतो त्याला मागच्या कुठल्यातरी फटक्याची भीती बसलेली असते. तिसरं, दबाव आलेल्या प्रसंगांपैकी किती वेळा तो सॅक होतो. सॅक म्हणजे फक्त लाइनचा दोष असं समजलं जातं. खरं तर सॅक होणं ही बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकची स्वतःची सवय असते आणि ती कॉलेजातून एनएफएलमध्ये सोबत येते.

पॅट्रिक मॅहोम्सची कॉलेजमधली फिल्म या बाबतीत शिकण्यासारखी आहे. टेक्सस टेककडून २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ७३४ यार्डांचे पास टाकले, आणि संघ ६६-५९ असा हरला. बचाव नावालाच असलेला तो सामना, त्यामुळे आकड्याला मी फार किंमत देणार नाही. पण पाय जमिनीवर नीट नसताना, अंग भलत्याच दिशेला असताना चेंडू नेमका पोचत होता, आणि तो वारंवार पोचत होता. सोबत गबाळं पदलालित्य आणि अविचारी पासही होते. दोन्ही खरं होतं. कॅन्सस सिटीने २०१७ च्या ड्राफ्टमधली आपली २७ वी निवड, तिसऱ्या फेरीतली एक आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड बफेलोला देऊन दहावा क्रमांक मिळवला, मॅहोम्सला घेतलं आणि जवळपास पूर्ण वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकवलं. त्या वर्षी तो लगेच मैदानात उतरवणाऱ्या एखाद्या विस्कळीत संघाकडे गेला असता तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून "हा कितवा?" या प्रश्नासोबत "कोणाकडे?" हा प्रश्न असतोच. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

क्वार्टरबॅक जॉश ॲलनचं नाव घेऊन दरवर्षी कुठल्यातरी ताकदवान पण अचूकता नसलेल्या मुलाची बाजू मांडली जाते. ॲलनचे वायोमिंगमध्ये ५६ टक्के पास पूर्ण झाले होते, बफेलोतल्या पहिल्या वर्षी ५२.८, आणि २०२० मध्ये ६९.२. मधल्या काळात त्याचं तंत्र नव्याने बांधलं गेलं, त्याच्याभोवती माणसं आणली गेली, संघाने धीर धरला. असं फार क्वचित घडतं. एका ॲलनवरून नियम बनवला तर पुढचे अनेक मुलगे चुकीच्या अपेक्षेखाली भरडले जातात.

वयाचा रकाना मात्र तक्त्यात जरूर घाला, आणि आता तर जास्तच. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल ही कॉलेज बदलण्याची सोय आहे, जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि कोविडच्या हंगामामुळे बऱ्याच जणांना एक वर्ष वाढवून मिळालं होतं. मुलं जास्त काळ कॉलेजात राहतात. बो निक्स ऑबर्न आणि ओरेगन मिळून ६१ सामन्यांत पहिल्या फळीत खेळून आला. कॅम वॉर्ड इन्कार्नेट वर्ड, वॉशिंग्टन स्टेट आणि मायामी अशी तीन कॉलेजं करून २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. अनुभवी क्वार्टरबॅक संघांना हवाच असतो. पण २४ वर्षांचा लाइनमन १९ वर्षांच्या पोरांना ढकलत असेल तर त्यातलं किती वयाने आलंय, हे त्याच्या विसाव्या वर्षाची फिल्म काढून बघावं. कॉलेज बदलण्याचं कारणही प्रत्येकाचं वेगळं असतं. प्रशिक्षक गेला, जागा मिळाली नाही, घर लांब पडलं, पैसे जास्त मिळाले. कारण न विचारता "टिकत नाही" असा शिक्का मारणं अन्याय आहे.

दुखापत आणि स्वभाव या दोन गोष्टी बाहेर बसून जोखता येत नाहीत, आणि माझा आग्रह आहे की जोखायचा प्रयत्नही करू नका. संघांचे डॉक्टर मुलांना प्रत्यक्ष तपासतात. नोत्र दामचा जेलन स्मिथ पहिल्या पाचांत जाईल असं मानलं जात होतं. १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बोलमध्ये गुडघा गेला, नस दुखावली. डॅलसने त्याला ३४ व्या क्रमांकावर घेतलं, कारण त्याची शस्त्रक्रिया त्यांच्याच संघाच्या शल्यविशारदाने केली होती आणि नस परत येईल की नाही याचा अंदाज त्यांना इतरांपेक्षा जास्त होता. एक वर्ष तो बसला, पुढे प्रो बोलला गेला. ही माहिती तुमच्या-माझ्यापर्यंत कधीच येत नाही. स्वभावाचं तर त्याहून नाजूक. संघाचा स्काउट हिवाळ्याआधीच कॉलेजात जाऊन व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाला, फिजिओला, अभ्यासाच्या सल्लागाराला, साहित्य सांभाळणाऱ्या माणसाला भेटलेला असतो. एप्रिलमध्ये फिरणाऱ्या अफवांमागे बऱ्याचदा कोणातरी संघाचा हेतू असतो. मुलगा खाली घसरावा असं वाटणारा कोणीतरी असतो. ही २१-२२ वर्षांची मुलं आहेत. ज्या एका आठवड्यावर त्यांच्या घरादाराचं भवितव्य टांगलेलं असतं, त्या आठवड्यात ऐकीव गोष्ट पुढे ढकलणं मला पटत नाही.

शेवटी क्रमवारीबद्दल. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की एकाच जागेचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच जास्त असते. डॉक्टर, मुलाखती, पूर्ण फिल्म, सगळं हाताशी असलेल्या संघांचा हा हिशेब. म्हणून चौथा आणि पाचवा यांत रात्र घालवू नका. थर लावा : पहिल्या दिवसापासून खेळेल, वर्षभरात खेळेल, आलटून-पालटून उतरवायला उपयोगी पडेल, किकच्या वेळच्या खास पथकातून संघात टिकेल. एका थरातली मुलं एकमेकांच्या बरोबरीची माना. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा गेला, ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा. पुढे बडे क्वार्टरबॅक झालेले असे खेळाडू हेरता आले असते असा दावा मी करणार नाही. पण पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळला होता, त्याची फिल्म भरपूर होती, आणि "वर्षभरात खेळू शकेल" अशा थरात त्याला ठेवायला जागा होती.

कामाला लागायचं तर असं करा. एकच जागा निवडा आणि त्या जागेचे दहा-बारा खेळाडू घ्या. प्रत्येकाचे तीन सामने बघून फेब्रुवारीत कम्बाइनच्या आधी एक परिच्छेद लिहा : कशाने जिंकतो, कोणासमोर अडला, रविवारी पहिल्या वर्षी कुठलं काम देता येईल. त्यावर तारीख घाला आणि बंद करून ठेवा. मग कम्बाइनचे आकडे आणा. आकडा तुमच्या वाक्याशी जुळला तर पुढे चला. जुळला नाही तर क्रमांक न बदलता आणखी एक सामना बघा. अलाबामातल्या मोबाइल या शहरात सीनिअर बोल हा ड्राफ्टआधीचा प्रदर्शनी सामना होतो; त्या आठवड्यातले सराव प्रसारित होतात, त्यातले एकास एक झुंजीचे प्रसंग जरूर बघा. मात्र तिथे एज रशरला मोकळं मैदान मिळतं आणि टॅकलला शेजारच्याची मदत नसते, म्हणून टॅकल हरताना दिसला तरी घाबरू नका; पहिल्या दिवशी हरलेला दुसऱ्या दिवशी काय बदलून येतो ते नोंदवा. पहिल्या वर्षासाठी टॅकल किंवा एज रशर घ्या. त्यांची झुंज चेंडूच्या जवळ होते, टीव्हीच्या चौकटीत जवळजवळ दर वेळी पूर्ण दिसते, आणि दोघांपैकी एकाला बघताना दुसऱ्याचीही नोंद आपोआप तयार होते.